सांदवाडीतलं हळदीकुंकू

यंदा पोळ्याच्या आधी मी राखणीचं काम सोडलं. मोतीबिंदू पिकला होता. डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन होईपर्यंत फोनकडे बघायचं नाही. बाकीच्या बायकांना वाईट वाटलं असं त्यांनी लिहिलं. मला नाही वाटलं. सहा वर्षं दुसऱ्यांच्या गोष्टी पोटात घेऊन बसल्यावर माणसाला मोकळं व्हावंसं वाटतं, आणि मी झाले. आता दुपारी जेवले की झोपते.

संपादकबाई माझ्या भाचीच्या ओळखीच्या. त्यांनी लिहायला सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. मी चौथी शिकलेली. मग एका अटीवर हो म्हटलं, की खाली माझं नाव छापायचं नाही. हे हातानं लिहिलं आहे. भाषा भाचीनं सरळ करून दिली, बायकांचं बोलणं तेवढं जसंच्या तसं ठेवायला लावलं. पुढं ज्या दोघींची गोष्ट येते त्यांना वेगवेगळं विचारून घेतलं आहे. शिवाय महिने, नाती, उपासतापास यातलं काही काही बदललं आहे. काय बदललं ते सांगणार नाही. कोणी वाचून म्हणेल की ही तर आमच्या गल्लीतली, तर ती ती नाही.

आता राखण कसली ते सांगते.

पांढुर्ण्यात मी पस्तीस वर्षं बायकांचे ब्लाउज शिवले. माप घेताना बाई हात वर करते आणि तिच्या अंगावर काय काय आहे ते दिसतं. वळ दिसतात. घरात अजून कोणाला न सांगितलेलं पोट दिसतं. मी टेप लावायची, आकडा लिहायची, पुढच्या बाईला बोलवायची. एकदा एक सासू आली आणि हळूच म्हणाली, "सुनेची कंबर वाढली का वं?" मी म्हटलं, "माही टेप जुनी झाली बाई, बराबर दाखवत नाही." त्या सुनेला मी आजही ओळखते. तिला माहीतही नाही की मी तिच्यासाठी माझ्या टेपची बदनामी केली.

भाचीचं नाव वैशाली ठेवू. लोधीखेड्याच्या माझ्या बहिणीची मुलगी, नागपुरात कंप्युटरचं काम करते. तिच्या कानावर एक गोष्ट आली होती. एका गावातल्या बाईनं बचत गटाच्या व्हॉट्सअॅपवर विचारलं की अंगावरून पांढरं जातं, काय करावं. तिथं सगळ्यांचे नंबर दिसतात, नावं दिसतात. दुसऱ्या दिवशी तिच्या दिराला ते माहीत होतं आणि त्यानं जेवताना थट्टा केली. बाईनं दवाखान्यात जायचंच सोडलं. वैशाली चिडली आणि तिनं आमच्या भागातल्या बायकांसाठी फोनमध्येच एक वेगळी जागा बांधली, जिथं नंबर लागत नाही आणि नाव लागत नाही. तिनं जागेला नाव दिलं सांदवाडी. आमच्याकडे घरामागच्या मोकळ्या आवाराला सांदवाडी म्हणतात. तिथं भांडी घासतात, वाळवण घालतात आणि बायका खरं बोलतात. पुरुष सहसा तिकडे फिरकत नाहीत.

मग ती माझ्याकडे आली. "मावशी, राखण तू कर."

"मले इंग्रजी येत नाही."

"इंग्रजी नाही लागत. तुले 'नाही' म्हणता येते ना?"

ते मला लहानपणापासून येतं.

काम साधं होतं. आतल्या एखादीनं नवीन बाईला चिठ्ठी द्यायची, ती हातात, फोनवर नाही. चिठ्ठीवरचे चार शब्द फोनमध्ये टाकले की दार उघडायचं, आणि ते शब्द पुन्हा चालायचे नाहीत. आत आल्यावर भाजीचं, फळाचं नाहीतर खायच्या एखाद्या पदार्थाचं नाव घ्यायचं. कोणी काही लिहिलं की ते आधी माझ्याकडे यायचं. हिरवं बटण दाबलं तर सगळ्यांना दिसायचं, लाल दाबलं तर लिहिणारीकडे परत. कोणाचं नाव, गाव, दवाखाना, शाळा, मुलाचं वय आणि इयत्ता एकत्र, असं काही दिसलं की लाल. मला एकटीला काही सांगायचं असेल तर ते वेगळं येई, त्याला बटण नव्हतं. आठ दिवसांनी सगळं आपोआप पुसलं जायचं, ते वैशालीलाही परत काढता यायचं नाही. मी कोण हे तिच्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं. बायका मला राखणवाली म्हणत. टाइप करायला एक बोट लागायचं. वैशाली म्हणाली, बोललं तरी अक्षरं उमटतात. मी म्हटलं, मग गल्लीत भोंगाच लावते ना.

बायका शे-सव्वाशेच्या वर कधी गेल्या नाहीत. पांढुर्णा, सौंसर, मोहगाव, बोरगाव असं मी अंदाजानं सांगते, कारण गाव लिहिलेलं मीच खोडत होते. जात तर कोणाचीच कळायची नाही. एकमेकींच्या पोरींच्या तापाची रात्रंदिवस चौकशी करणाऱ्या दोघी बाहेर भेटल्या असत्या तर एकमेकींच्या घरचं पाणी प्याल्या असत्या की नाही, मला शंका आहे.

सगळंच काही गंभीर नव्हतं. एक बाई रोज सकाळी फक्त शेजारणीच्या बकरीविरुद्ध लिहायची. दोन वर्षं ती बकरी आम्ही सगळ्यांनी सोसली. बकरी मेली तेव्हा त्या बाईला काय लिहावं सुचेना आणि ती सोडूनच गेली. वैशालीनं एक झाकणही करून दिलं होतं. फोन दुसऱ्याच्या हातात जातोय असं वाटलं की एका कोपऱ्यात बोट दाबायचं, लगेच मुगाच्या वड्यांची कृती दिसायची. आमच्या भागात काही नवरे असे आहेत की ज्यांना वाटतं, आपली बायको वर्षानुवर्षं मुगाच्या वड्याच वाचते आणि करत मात्र कधीच नाही.

एकदा एक पुरुष शिरला. बायकोची चिठ्ठी उचलली असणार. नाव घेतलं गुलाब आणि पहिलंच लिहिलं, "माझ्या सर्व भगिनींना नमस्कार." कोणती बाई असं लिहिते? मी त्याला एकट्याला विचारलं, "ताई, ब्लाउज कटोरीचा घालता का साधा?" मग उत्तर आलं, "दोन्ही." मी विचारलं, "आणि साडीला फॉल कोणत्या बाजूनं लावता?" उत्तर आलं, "बाजारात लावून देतात." माणूस हुशार होता, पण काढला. त्याच्या बायकोला आत घेता आलं नाही, कारण ती कोण ते कळायला मार्ग नव्हता. ती कुठंतरी चिठ्ठी शोधत राहिली असेल. ते मला अजून खटकतं.

आता कवठाची गोष्ट. कवठ हे तिनं घेतलेलं नाव.

नवरात्राच्या सुमाराला तिनं पहिल्यांदा लिहिलं. त्यात दवाखाना होता, महिना होता, दोन्ही पोरींची नावं होती, दुसरीच्या वेळी झटके आले होते तेही होतं. मी लाल दाबलं. तिनं थोडं काढून पुन्हा पाठवलं. पुन्हा लाल. चौथ्यांदा आलं ते एवढंच होतं: "दोन लेकरं हायेत. तिसरं झालं तर जिवाले धोका हाये असं डॉक्टरीन म्हणाली. सासू म्हणते डॉक्टर असेच भेववतात, नातू पाहिजे. नवरा मायच्या पुढं तोंड उघडत नाही. काय करू?" ते मी जाऊ दिलं. ओळख काढून लिहिलेलं कोरडं करण्यात मी पटाईत झाले होते.

उत्तरं बरीच आली. कोणी म्हणालं देवावर सोड, कोणी म्हणालं नवऱ्याला समजावून बघ. मग पाटवडी नावाच्या बाईनं लिहिलं. ही जुनी होती आणि तिखट होती. "देवाले दुसरे कामं हायेत. तांबी बसवून टाक. सासूले कायले विचारून राहिली? पोट तुझं हाये का तिचं?"

तांबी म्हणजे दिवस राहू नयेत म्हणून दवाखान्यात आत बसवतात ती. पाटवडीचं वाचून मी हसले आणि हिरवं दाबलं.

पंधरा दिवसांनी कवठानं लिहिलं की माहेरी गेली होती तेव्हा बसवून आली. घरात कोणाला माहीत नाही. नंतर मधूनमधून लिहायची. सासूनं सोमवार धरले होते, हिलाही धरायला लावले. "उपाशी पोटी दुधाची वाटी देते अन माह्या पोटाकडं पाहते. मले लाज वाटते." त्यावर पाटवडी, "लाज कायची? जगून राहिली ना."

त्यानंतर संक्रांत आली.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी एकीनं लिहिलं की घरात हळदीकुंकू आहे, बायकांनी अंगण भरलं आहे आणि ती विधवा म्हणून मागच्या खोलीत मटार सोलत बसली आहे. मीही विधवा. बारा वर्षं झाली. मला याचं दुःख वगैरे होत नाही, राग येतो. मी सगळ्यांना लिहिलं, "आज सांदवाडीत हळदीकुंकू आहे. कोणाच्या कपाळावर काय आहे ते इथं दिसत नाही. सगळ्यांनी या. उखाणे घ्या." आमच्याकडे बाई एरवी नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही, उखाण्यात मात्र वाजवून घेते. त्या दुपारी बायका तुटून पडल्या. मटार सोलणारीनं सगळ्यात आधी घेतला. एक म्हणाली, आमच्यात हे हळदीकुंकू करत नाहीत, पण उखाणा घेते. भांडलेल्या दोघींनी एकामागून एक घेतला. मीसुद्धा घेतला:

पायमशीन चाले खडखड, सुईत ओवला दोरा,
अमुकराव होते सावळे, मी म्हणत होते गोरा.

आणि कवठानं हा घेतला:

संत्र्याच्या बागेत आला मृगाचा बहार,
अमुकरावांनी आणला मले शेवंतीचा हार.

अमुकराव मी आत्ता लिहिते आहे. तेव्हा ही अक्कल सुचली असती तर हा लेख लिहावा लागला नसता. तेव्हा खरी नावं होती. चाळीसच्या वर उखाणे आले, चाळीसच्या वर नवऱ्यांची नावं आली, आणि ती सगळी मी हसत हसत हिरवं दाबून सगळ्यांपुढं मांडली. मी, जी बालवाडीचं नावसुद्धा खोडत होते. कोणाच्याही लक्षात आलं नाही. माझ्याही नाही, लिहिणाऱ्यांच्याही नाही. आमच्या कानाला उखाण्यातलं नाव म्हणजे नाव वाटतच नाही. ते शेवटी येतं, बायका हसतात, संपलं. बाहेरगावच्या कोणाला हे खरं वाटणार नाही. आमच्याकडच्या बाईला वाटेल.

तिसऱ्या दिवशी मी शेंगा फोडत बसले होते. पाटवडीचा निरोप आला, मला एकटीला.

"राखणवाली, कवठ माही वहिनी हाये."

मला काही कळेना. मी लिहिलं, "तुला कसं माहीत?"

"उखाण्यात माह्या भावाचं नाव हाये. असं नाव साऱ्या तहसीलमध्ये दोघातिघांचं असन. अन हाच उखाणा तिनं माह्या लग्नात मांडवात घेतला होता. तिले दुसरा येतच नाही."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी वैशालीला फोन लावला. ती म्हणाली, "मावशी, तू?" तेवढंच. तिनं पाच मिनिटांत सगळे उखाणे पुसले. पण पाहिलेलं पुसायचं बटण तिच्याकडेही नव्हतं.

मी पाटवडीला विचारलं, "तू काय करणार?"

"मायले सांगीन. दोन वर्षं झाले माय सोमवार करून राहिली. तिले शुगर हाये. दोनदा चक्कर येऊन पडली, एकदा तर न्हाणीत पडली. अन ही तांबी बसवून दुधाची वाटी पिऊन राहिली. हासत असन मनातल्या मनात आम्हाले."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हातारी खरंच पडत होती. पण सांगितलं तर कवठाचं काय होईल हेही मला माहीत होतं. तांबी काढायला लावतील, मग दिवस राहतील, आणि डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं होतं ते मी चार वेळा वाचलं होतं. तिच्या दोन पोरींची नावंही मी एकटीनं वाचली होती.

आता एक सांगते, ते सांगायला मला आवडत नाही. पाटवडीनं उन्हाळ्यात स्वतःचं काही लिहिलं होतं. काय ते इथं येणार नाही. पण तिच्या सासरी कळलं असतं तर तिचं घर राहिलं नसतं. ते आठ दिवसांत पुसलं गेलं, माझ्या डोक्यातून नाही. मी लिहिलं, "तुझंही मला माहीत आहे." पूर्ण वाक्य लिहिलं, टिंबासकट. पाठवायचं तेवढं बाकी होतं. पस्तीस वर्षं बायकांची मापं पोटात ठेवली ती याच दिवसासाठी का, असं मनात आलं. मग मी एकेक अक्षर खोडलं. उठून पाणी प्याले. कोणी म्हणेल खोडलं ना, मग झालं. पण ते वाक्य मला सुचलं होतं, आणि सुचायला अजिबात वेळ लागला नव्हता.

दुसरं काम जास्त अवघड होतं. कवठाला सांगायला हवं होतं. तिला एकटीला लिहिलं, "चूक माझी आहे. तुझ्या उखाण्यात नाव होतं, मी जाऊ दिलं. तुझ्या घरातल्या एकीनं ओळखलं आहे."

"कोण?"

"ते सांगणार नाही."

"माह्यं नाव फोडलं अन तिचं झाकून राहिल्या? वा बाई!"

"हो."

"सासू हाये का?"

"सांगणार नाही म्हटलं ना."

मग आलं, "मंग सोमवारी जाऊन काढूनच टाकीन. कोणी इचारलं तर म्हणीन खोटं हाये, पाहून घ्या."

मी लिहिलं, काढू नको. पुन्हा लिहिलं, काढू नको. तो गुरुवार होता.

संध्याकाळी मी सगळ्यांना चूक सांगितली आणि माफी मागितली. तिघी त्याच दिवशी सोडून गेल्या. बरोबर केलं त्यांनी. बाकीच्या उलट माझीच समजूत घालायला लागल्या. "माह्या बुढ्याचं नाव सगळ्या बाजाराले मालूम हाये, तुम्ही कायले टेन्शन घेऊन राहिल्या?" एक तर रागावली की तिचा उखाणा पुसला, नवा जुळवला होता, पाठ नव्हता. मला हसू आलं नाही.

शुक्रवारी मी पाटवडीला लिहिलं. धमकी नाही, विनवणी नाही. ती मला येत नाही. एवढंच विचारलं, "नवरात्रात तू कवठाला काय लिहिलं होतंस, ते आठवतं का?"

"पुसल्या गेलं ते."

"मला पाठ आहे. लिहून पाठवू?"

"नोको."

मग तिनंच लिहिलं, "पोट तुझं हाये का तिचं, असं लिवलं होतं म्या."

"हो."

"तवा मले काय मालूम का थे सासू म्हणजे माही माय हाये? अर्ध्या तहसीलच्या सासवा सोमवार धरतात."

"माहीत असतं तर काय लिहिलं असतंस?"

ह्याचं उत्तर आलं नाही. शनिवारी नाही, रविवारी नाही. मी दोन्ही दिवस फोन हातात घेऊन फिरले. वैशाली म्हणाली, "मावशी, दोघींना एकमेकींचं सांगून टाक ना, बोलतील घरात." मी म्हटलं, एकदा नाव फोडलं ते चुकून. दुसऱ्यांदा मुद्दाम फोडू का? कवठाला मी रविवारी पुन्हा लिहिलं, "एक दिवस थांब." तिनं वाचलं असं दिसत होतं. सोमवारी मी जेवले नाही. आणि माझा उपास नव्हता.

मंगळवारी सकाळी पाटवडीचा निरोप आला. "काल मायकडं गेली होती."

मी लिहिलं, "मग?"

"मायले सांगतलं."

ती लिहीत राहिली, तुकड्या-तुकड्यानं येत राहिलं.

"म्या म्हटलं, आता सोमवार बंद. वहिनीले तिसरं होऊ शकत नाही, डॉक्टरीन पहिलेच म्हणाली होती. माय म्हणे, मले कोणी सांगतलं नाही. म्या म्हटलं, तिनं सांगतलं होतं, तू आयकलं नाही. वहिनी कुठी बाहेर निघाली होती, पिशवी घेऊन उभी होती दारात. पाहतच राहिली माह्याकडं. भाऊ पण होता. त्याले म्हटलं, तू कायले मुका झाला? मायले चक्कर येते, बायकोले झटके येतात, अन तू ट्रॅक्टरचं टायर पुसून राहिला. मंग तो बोलला. पहिल्यांदा बोलला मायपुढं. म्हणे, मले दोन पोरी पुरे हायेत."

"आणि आई?"

"रडली. मंग तिले भाकर वाढली. सोमवारच्या दिवशी, दुपारी. दोन खाल्ल्या. वरून ठेचा मागतला."

मी विचारलं, "आणि तांबी?"

"कोणती तांबी?"

मी फोन खाली ठेवला. इतकी सुटल्यासारखी मी नवऱ्याच्या आजारपणानंतरही झाले नव्हते. सकाळचे नऊ वाजले होते. मी कालची उरलेली भाकर दह्यात कुस्करून खाल्ली आणि तिथंच भिंतीला टेकून झोपले.

कवठाचा निरोप दुपारी आला. पिशवी पुन्हा खुंटीला अडकवली होती. "घरात काय झालं समजत नाही, पण सोमवार सुटले." मी लिहिलं, बरं झालं. जास्त बोलले नाही.

त्यानंतर मी दोन वर्षांहून जास्त काम केलं. दर संक्रांतीला उखाणे झाले, पण अमुकराव लिहूनच. मजा पहिल्यासारखी आली नाही हे खरं. सोडून गेलेल्या तिघी परत आल्या नाहीत. आल्या असतील तर दुसऱ्या नावानं, आणि तसं असेल तर मला कळायचं कारण नाही. कवठाला ओळखणारी कोण होती ते मी तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही. तिनं पुन्हा विचारलंही नाही.

त्याच वर्षी होळी होऊन गेल्यावर एक दिवस कवठानं सगळ्यांपुढं लिहिलं, "तांबी तपासायले बोलावलं हाये. एकटीनं जायले भेव वाटते."

पाटवडीनं लगेच लिहिलं, "एकटी कायले जातं? नणंद असन ना तुले? तिले घेऊन जाय."

"तिले कसं इचारू? तिले मालूम नाही."

"इचारून तर पाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी कवठानं लिहिलं, "इचारलं. हो म्हणे. वरून म्हणे, एवढे दिवस कायले थांबली होती?"